ग्रँटचा अर्ज लिहिण्याआधी ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर उघडा

सर्जरीच्या रेसिडेंटचा ग्रँटचा अर्ज इंग्रजी कच्चं म्हणून क्वचितच अडतो. अडतो तो बहुतेक वेळा सॅम्पल साइजवर, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे या आकड्यावर.

समजा, इमर्जन्सी लॅपरोटॉमीनंतर (पोट उघडून केलेल्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर) जखमेतला जंतुसंसर्ग 20 टक्क्यांवरून 10 वर आणायचा आहे. पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 5 टक्के धरला तर गटामागे साधारण 200 रुग्ण लागतात, 10 टक्के गळती धरून 222. म्हणजे दोन्ही गटांचे 444. आता रजिस्टर बघा. युनिटमध्ये महिन्याला 15 लॅपरोटॉमी होत असतील तर वर्षाच्या 180. निकषात बसणारे आणि संमती देणारे 60 टक्के धरले, तरी हाती 108 उरतात.

पाय घसरतो तो इथे. 10 च्या जागी 5 टक्के लिहिलं की गट एकदम 73 वर येतो. पण एका साध्या बदलाने संसर्ग चौथ्या हिश्श्यावर येईल, हे अर्ज तपासणाऱ्याला पटत नाही. रुग्ण कमी दिसावेत म्हणून फरक फुगवणं अजिबात करू नका. अपेक्षित फरक आधीच्या प्रकाशित अभ्यासांवरून ठरतो आणि त्यातून रुग्णसंख्या निघते. उलट्या दिशेने केलेलं गणित अनुभवी डोळ्यांना लगेच दिसतं.

घाबरू नका, प्रश्न बदलता येतो. टाके घालताना चिरेच्या कडांना भुलीचं औषध टोचलं, तर 24 तासांनी वेदना किती कमी होतात? 0 ते 10 च्या मापावर एसडी (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) 2, फरक 1.5 धरला तर गटात 28 पुरतात, गळतीसह 32. एकूण 64. त्याच युनिटमध्ये वर्षाच्या आत होतात. प्रश्न आटोपशीर असणं यात कमीपणा काहीच नाही.

पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) संख्याशास्त्रज्ञाकडे सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिण्याआधी जा, सहीपुरते नको. सिनिअरची जुनी फाइल नाव बदलून वापरायचा शॉर्टकट तर मुळीच नको, तिच्यातली चूकही सोबत येते. गाइडनी शिकवताना मंजूर अर्जापेक्षा नामंजूर झालेला अर्ज शेऱ्यांसकट वाचायला द्यावा, मुलं त्यातून जास्त शिकतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्सची भारतातली नोंदवही) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआयवर मागाहून नोंदणी होत नाही.

बजेटमध्ये ‘औषधं व इतर’ असं मोघम लिहू नका. भुलीचं औषध मिळणाऱ्या गटातल्या 32 रुग्णांना 0.5 टक्के ब्युपिव्हॅकेनची (हेच ते औषध) 20 मिलीची प्रत्येकी एक व्हायल, फुटतील त्या धरून 35, आणि शेजारी एका व्हायलचा दर.