पीपीएफ, व्हीपीएफ, एनपीएस: म्हातारपणाच्या पैशांत या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २६ वर्षं पगारपत्रकं केली. निवृत्त झाले तरी शनिवारी सकाळी कर्वेनगरच्या आमच्या घरी कुणी ना कुणी फाइल घेऊन येतंच. भाचे, सोसायटीतली मुलं, कारखान्यातले जुने सहकारी. माणसं वेगळी असतात, चुका मात्र त्याच. आणि चूक कळते तेव्हा ती बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांची झालेली असते, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मुदत संपल्यावरही पीपीएफमध्ये पैसे भरत राहणं

माझा आतेभाऊ कोथरूडला राहतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. पैशाच्या बाबतीत इतका शिस्तीचा माणूस आमच्या घरात दुसरा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याने पीपीएफ, म्हणजे सरकारी बचतीचं १५ वर्षांचं खातं, उघडलं आणि एकही वर्ष चुकवलं नाही. पीपीएफची १५ वर्षं खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. म्हणजे दादाच्या खात्याची मुदत १ एप्रिल २०२१ ला पूर्ण झाली. हे त्याला ठाऊक होतं. पण व्याज चांगलं आहे, पैशाची गरज नाही, मग चालू राहू दे, असं म्हणून तो दर एप्रिलला नेट बँकिंगने दीड लाख भरत राहिला. तीन वर्षं.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, मुदतवाढीचा फॉर्म कधी दिला होता?" फॉर्म दिलाच नव्हता. संध्याकाळी पासबुक घेऊन माझ्याकडे आला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला, "अगं, पण बँकेने पैसे घेतले की!"

घेतले. पण नियम असा आहे. मुदत पूर्ण झाली की तीन वाटा असतात. खातं बंद करून सगळे पैसे घ्यायचे. किंवा नवीन काही न भरता आहे ती रक्कम तशीच ठेवायची, तिच्यावर व्याज मिळत राहतं. किंवा पाच वर्षांची मुदतवाढ घेऊन भरणा चालू ठेवायचा. या तिसऱ्या वाटेसाठी मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यावा लागतो. जुनी मंडळी त्याला अजून फॉर्म एच म्हणतात. फॉर्म दिला नाही तर खातं आपोआप दुसऱ्या वाटेला लागतं, आणि ते वर्ष उलटून गेल्यावर तिसरी वाट बंद होते. त्यानंतर भरलेल्या पैशांवर ना व्याज, ना करातली वजावट.

दादाच्या जुन्या रकमेला काही झालं नाही, तिचं व्याज नीट मिळालं. पण नंतर भरलेले साडेचार लाख जसेच्या तसे परत आले. ७.१ टक्क्यांनी मी हिशोब केला, तर तीन वर्षांत सुमारे ६७,००० रुपये व्याज झालं असतं. शिवाय त्या भरण्यावर त्याने आयकरात वजावट घेतली होती, तो घोळ वेगळा निस्तरावा लागला. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत त्याने हे सगळं केलं. एका पानाच्या फॉर्मसाठी.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने मुदतीची तारीख लिहिते. खाली 'फॉर्म' असं लिहून चौकोन काढते. फॉर्म दिला की शिक्का मारलेली पोच घ्यायची आणि ती त्याच पासबुकात ठेवायची. मोबाईलवर फोटो काढला एवढ्यावर मी समाधान मानत नाही. मोबाईल दोन वर्षांत बदलतो, मुदतवाढ पाच वर्षांची असते.

पाच तारीख

पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. सहा तारखेला भरलं की त्या महिन्याचं व्याज गेलं. ३१ मार्चला भरलं तर अख्ख्या वर्षाचं गेलं, म्हणजे दीड लाखावर १०,६५० रुपये. हाच दर पूर्ण १५ वर्षं राहिला असं धरलं, तर दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला भरणारा आणि मार्चअखेर भरणारा यांच्यात सुमारे २ लाख ७० हजारांचा फरक पडतो. पैसे दोघांनी सारखेच घातलेले. १ एप्रिलला बँकांत वार्षिक हिशोबाचं काम असतं, म्हणून मी २ किंवा ३ तारखेला भरते. घरातल्या कालनिर्णयवर त्या चौकटीत मोठा 'पी' लिहिलेला असतो. एकरकमी जमत नसेल तर दरमहा भरा, पण पगार झाल्या झाल्या, पाच तारखेच्या आत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने उघडलेलं एनपीएस

आमच्या सोसायटीतला एक मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. हुशार आहे, कष्टाळू आहे. गेल्या जुलैत रिटर्न भरायला बसला आणि धावत वर आला. "काकू, मी एनपीएसमध्ये ५०,००० टाकलेत, ते कुठे दाखवायचे?"

एनपीएस म्हणजे म्हातारपणासाठीची सरकारी पेन्शन योजना. त्याचं खातं उघडून बघितलं. ३० मार्चला रात्री मोबाईलवर दहा मिनिटांत काम उरकलेलं, आणि पैसे गेले होते टियर टूमध्ये. ५०,००० रुपयांची जी जादा वजावट २०१५-१६ पासून मिळते ती टियर वनची, म्हणजे निवृत्तीच्या मुख्य खात्याची. टियर टू हे कधीही पैसे काढता येणारं साधं गुंतवणुकीचं खातं आहे, खासगी नोकरदाराला त्यावर वजावट नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच होती. कंपनीत त्याने नवीन करपद्धत घेतलेली. खरं तर त्याने काहीच निवडलं नव्हतं, आणि २०२३-२४ पासून काही निवडलं नाही तर नवीनच लागू होते. नवीन पद्धतीत स्वतः भरलेल्या एनपीएसवर वजावटच नाही. टियर वनमध्ये टाकले असते तरी त्या वर्षी कर वाचला नसता आणि पैसे बरीच वर्षं अडकले असते. मधे काढायचे तर ठरावीक कारणांसाठी, तेही स्वतःच्या भरण्याच्या पाव हिश्शापर्यंत. म्हणजे एका अर्थाने चुकीच्या खात्यानेच त्याला वाचवलं.

मला राग येतो तो या घाईचा. तीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांचा निर्णय मुलं जेवणाच्या ऑर्डरइतक्या वेळात घेतात. आधी एप्रिलमध्येच कागदावर दोन्ही पद्धतींनी कर काढा. जुनी ठेवणार असाल तर स्वतः टियर वनमध्ये भरा. नवीन ठेवणार असाल तर एचआरला विचारा की कंपनी तुमच्या पगारातून मालकाचा हिस्सा म्हणून एनपीएसमध्ये भरेल का. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतचा असा हिस्सा नवीन पद्धतीतही वजा होतो. मूळ पगार ६०,००० असेल तर महिन्याला ८,४००, वर्षाला १,००,८००. एकूण पगार तोच राहतो, फक्त त्याची मांडणी बदलते, म्हणून हातात येणारी रक्कम थोडी कमी होईल हे घरी आधी सांगून ठेवा. त्या मुलाने यंदा एप्रिलमध्ये हेच केलं.

बाजार पडला की पर्याय बदलणं

एनपीएसमध्ये शेअरचा हिस्सा स्वतः ठरवता येतो. मार्च २०२० मध्ये माझ्या एका भाच्याने घाबरून सगळी रक्कम सरकारी रोख्यांत हलवली. सेन्सेक्स जानेवारीत ४२,००० च्या आसपास होता, २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला आणि डिसेंबरअखेर ४७,००० च्या वर होता. भाचा तेव्हा ३१ वर्षांचा, साठीला २९ वर्षं बाकी. ज्याला अशी भीती वाटते त्याने ऑटो चॉइस घ्यावा. त्यातल्या मध्यम पर्यायात वयाच्या ३५ पर्यंत शेअर निम्मे असतात, पुढे दरवर्षी थोडे कमी होत ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर येतात. रोज ॲप उघडून बघायचं नाही. मी वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आठवड्यात बघते.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

नवीन करपद्धत घेतली म्हणून पीपीएफ बंद करू नका. भरण्यावर वजावट नसली तरी व्याज आणि शेवटी मिळणारी रक्कम करमुक्तच आहे. वर्षाला किमान ५०० रुपये तरी भरा.

व्हीपीएफ, म्हणजे नेहमीच्या पीएफवर स्वखुशीने केलेला जादा भरणा, मला आवडतं, पगारातून परस्पर कापलं जातं. पण १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर आहे. या अडीच लाखांत नेहमीचा १२ टक्के पीएफही धरतात. मूळ पगार लाखभर असेल तर १,४४,००० तिथेच गेले, उरली जागा १,०६,००० ची.

नोकरी बदलली की पीएफ काढून बाईक घेणारे मी डझनभर पाहिलेत. काढू नका, नवीन कंपनीत हलवा. जुनी नोकरी धरून सलग पाच वर्षं होण्याआधी काढलं तर त्यावर कर लागतो.

मुलाच्या नावाने पीपीएफ उघडलं म्हणजे आणखी दीड लाखांची सोय झाली असं होत नाही. तुमचं आणि ज्याचे तुम्ही पालक म्हणून सही करता त्या अल्पवयीन मुलाचं खातं मिळून वर्षाला दीड लाखच.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचं इथलं जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, मुदतवाढ मिळत नाही. पुण्यात हे घरोघरी आहे, तरी आईवडील फॉर्म घेऊन रांगेत उभे राहतात.

आणि नॉमिनी. आमच्या कारखान्यातला एक फिटर नोकरीत असतानाच गेला. लग्नाआधी उघडलेल्या त्याच्या पीपीएफला नॉमिनी आई होती, आणि ती त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती. त्याच्या बायकोबरोबर कागद गोळा करायला मी स्वतः फिरले, आठ महिने लागले. तेव्हापासून एप्रिलमध्ये पैसे भरले की त्याच दिवशी, पासबुक कपाटात जाण्याआधी, मी सगळ्या खात्यांचे नॉमिनी वाचून बघते.