ताण वाढला की खर्रा का आठवतो, आणि तो सोडण्याची आखणी कशी करावी

खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेले मिश्रण, सोडण्याचा निश्चय बहुधा निवांत दिवशी केला जातो आणि घरातले भांडण, कामावरची बोलणी किंवा परीक्षेचा निकाल अशा एखाद्या प्रसंगी मोडतो. यात मनाच्या दुबळेपणाचा भाग असतो त्याहून मोठा भाग मेंदूतील एका यंत्रणेचा असतो. तिचे काम समजून घेतल्याशिवाय केलेली आखणी अपुरी राहते, असे माझे मत आहे.

मेंदूच्या तळाकडील मध्यभागात डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा समूह आहे आणि त्याचे तंतू प्रेरणा, सवय व निर्णय यांच्याशी संबंधित भागांपर्यंत पोहोचतात. डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची प्रथा समाजमाध्यमांवर रूढ झाली असली तरी ती दिशाभूल करणारी आहे. या पेशी मुख्यतः अपेक्षेपेक्षा अधिक काही मिळाले की संकेत देतात, आणि तेच बक्षीस पुन्हा पुन्हा मिळू लागले की हा संकेत बक्षिसाकडून त्याच्या आधी येणाऱ्या खुणेकडे सरकतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत हे दाखवले आहे. म्हणूनच पानठेल्यावर खर्रा घोटला जाण्याचा आवाज किंवा खिशातली खर्ऱ्याची पन्नी (प्लॅस्टिकची पुडी) एवढेही तलफ जागवायला पुरते.

तंबाखूतील निकोटिन या पेशींवरील ग्राहींना (रसायनाचा संकेत टिपणाऱ्या रेणूंना) थेट चिकटून त्यांना उत्तेजित करते. खर्ऱ्यातील चुन्यामुळे तोंडातील मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतील त्वचेतून अधिक सहज शोषले जाते. शिवाय सुपारीतील अरेकोलिनही चेतासंस्थेवर काम करते. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिनचे प्रमाण निम्म्यावर येते आणि नेहमी खाणाऱ्याला अस्वस्थता, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव जाणवू लागतो. पुढचा खर्रा हीच अस्वस्थता शमवतो आणि खाणाऱ्याला वाटते की त्याने ताण घालवला.

मग खऱ्या ताणाचे काय? 2003 साली डॅनियल साल, अँटोनेलो बोन्ची, रॉबर्ट मलेंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले काम येथे महत्त्वाचे आहे. कोकेन, अँफेटामिन, मॉर्फिन, मद्य आणि निकोटिन या एकमेकांपासून अगदी वेगळ्या रीतीने काम करणाऱ्या द्रव्यांच्या एकाच मात्रेनंतर डोपामिन पेशींवरील उत्तेजक चेतासंधी (दोन चेतापेशींमधले जोड) बळकट झाल्याचे त्यांना आढळले. व्यसन न लावणाऱ्या, परंतु मेंदूवर काम करणाऱ्या औषधांनी मात्र हा बदल घडला नाही. उंदरांना थंड पाण्यात पोहायला लावून ताण दिला तेव्हाही तसाच बदल दिसला. ताणाच्या संप्रेरकाचा ग्राही औषधाने आधी रोखून ठेवला, तर ताणामुळे होणारा बदल टळला, पण कोकेनमुळे होणारा टळला नाही. म्हणजे वाटा निराळ्या आणि मुक्काम एक. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही ताणाच्या प्रसंगी जुने व्यसन उसळून का येते, याचा एक पटणारा धागा येथे मिळतो.

आखणीची सुरुवात नोंदीपासून करावी. आठवडाभर खर्रा सोडू नये, फक्त प्रत्येक वेळी तलफ का आली ते लिहावे: मागचा खाऊन बराच वेळ झाला म्हणून, ठेला किंवा सोबती दिसला म्हणून, की काही मनाला लागले म्हणून. पहिली तलफ उताराची, म्हणजे निकोटिन कमी झाल्याची, दुसरी खुणेची आणि तिसरी ताणाची. तिन्हींवर एकच उपाय करणारे लवकर थकतात.

उताराच्या तलफेसाठी निकोटिनचे च्युइंगम उपयोगी पडते, पण ते साध्या च्युइंगमसारखे चघळत राहिल्यास मळमळ होते आणि फायदा कमी मिळतो. तिखटसर चव येईपर्यंत हळू चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे आणि असे साधारण अर्धा तास करावे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेऊ नये, कारण त्यामुळे शोषण घटते. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. हृदयविकार असल्यास किंवा गर्भारपणात तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

खुणेच्या तलफेवर रस्ता बदलणे हाच साधा उपाय आहे. नागपुरात सीताबर्डीतून घरी जाताना नेहमीचा ठेला लागत असेल तर काही आठवडे दुसऱ्या गल्लीने जावे, आणि घरातल्या, गाडीच्या डिकीतल्या पन्न्या एकदाच काढून टाकाव्यात.

ताणाच्या तलफेवर आधीच ठरवून ठेवलेली कृती हवी, कारण त्या क्षणी विचार करण्याची क्षमताच मंदावलेली असते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ भरभर चालावे किंवा बसून श्वास सावकाश सोडत राहावे. थोड्या वेळाच्या चालण्यानेही तलफ कमी होते. मात्र मे महिन्यातील नागपुरात भर दुपारी चालण्याचा सल्ला देणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. चालायचेच तर पहाटे अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठाने चालावे आणि दुपारी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. बुटीबोरीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेची भरपाई टाळू नये. अपुऱ्या झोपेने डोपामिनचे ग्राहीही प्रभावित होतात.

सोडण्याचा दिवस लग्नाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात ठरवू नये, पण ताण नसलेल्या महिन्याची वाटही पाहू नये, कारण तो येत नाही. उताराचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत निवळतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूचित्रणात वाढलेले निकोटिन ग्राही साधारण सहा ते बारा आठवड्यांत पूर्वपदावर येताना दिसले आहेत, म्हणून तीन महिन्यांपर्यंत सावध राहणे योग्य. मध्येच एखादा खर्रा खाल्ला गेला तर सारे संपले असे मानू नये. त्याची नोंद करून त्याच दिवशी आखणी पुढे चालू ठेवावी.

खर्ऱ्याऐवजी नुसती गोड सुपारी खाण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, ती मुळीच स्वीकारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. सावजी रस्सा तर दूरच, साधी भाजीही तोंडाला झोंबू लागली, पांढरा चट्टा दिसला किंवा स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जाईनाशी झाली, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी करून घ्यावी. अशा वेळी च्युइंगम चावणे कठीण जाते, तेव्हा त्वचेवर लावायच्या निकोटिन पट्टीविषयी विचारावे.

ज्यांना खर्ऱ्याबरोबर रोज मद्यही लागते त्यांनी मद्य अचानक आणि एकट्याने सोडू नये. झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे परिणाम होऊ शकतात. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात आधी दाखवावे. केवळ तंबाखूसाठी 1800-112-356 ही राष्ट्रीय क्विटलाइन (तंबाखू सोडण्यासाठीची मदतवाहिनी) आहे, आणि ताण असह्य होत असेल तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते; दोन्ही क्रमांक सोडण्याच्या दिवसापूर्वीच फोनमध्ये जतन करून ठेवावेत.