फ्रेयर, फ्रेया आणि न्योर्ड यांच्याविषयी लिहिताना या चुका टाळा

थोर आणि लोकी आता मराठी घरांतल्या मुलांनाही माहीत झाले आहेत. त्यांच्यामागोमाग नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या, शेतकऱ्या-कोळ्यांचे देवही मराठीत येऊ लागले, याचा मला फार आनंद आहे. पण फ्रेयर, त्याची बहीण फ्रेया आणि त्यांचा बाप न्योर्ड यांच्याबद्दल लिहिताना काही घोळ पुन्हा पुन्हा होतात.

पहिला घोळ शब्दाचा. 'फर्टिलिटी गॉड' म्हणजे 'प्रजननदेवता' असं लिहिलं की निम्मा देव बाहेरच राहतो. तेराव्या शतकातला आइसलँडचा लेखक स्नोरी सांगतो की पाऊस आणि ऊन फ्रेयरच्या हाती आहे, म्हणून जमिनीतून जे उगवतं तेही त्याच्याच हाती. त्याच्याकडे मागायचं ते 'आर' आणि 'फ्रिद'. 'आर' म्हणजे चांगलं पिकलेलं वर्ष आणि 'फ्रिद' म्हणजे शांतता. या दोन गोष्टी जोडीनेच मागत, कारण लढाई पेटली तर उभं पीक कापायला माणूस उरत नाही. आपल्याकडे यासाठी 'सुफलता' हा नेमका शब्द आहे, आणि घरातल्या बोलीत 'बरकत'. फ्रेयरचा बाप न्योर्ड याच्याकडे तर शेतच नाही. तो वारा आवरतो, समुद्र शांत करतो, जाळ्यात मासळी देतो. त्याच्या घराचं नाव नोआतून, म्हणजे होड्यांचं आवार. तोही सुफलतेचाच देव, कारण किनाऱ्यावरच्या माणसाचं पीक पाण्यातच असतं.

याच्या उलट चूक म्हणजे लाजून काही गोष्टी गाळणं. ब्रेमेनच्या आदमने १०७० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाचं वर्णन लिहिलं. त्यात 'फ्रिक्को'ची, म्हणजे बहुधा फ्रेयरची, मूर्ती मोठ्या लिंगासह आहे आणि लग्न असलं की बळी त्याला द्यायचा, असं म्हटलं आहे. हे सरळ लिहावं. सोबत हेही लिहावं की आदम स्वतः उप्सालाला गेला नव्हता, ही ऐकीव माहिती होती आणि तो ख्रिस्ती धर्मगुरू होता. त्याच वर्णनात पाऊस, वारा आणि पिकं थोरच्या ताब्यात दिलेली आहेत! म्हणून देवांना सरकारी खाती वाटून देऊ नका. हातोडा धरणाऱ्या थोरलाही शेतकरी हाक मारत होताच.

सर्वांत जास्त गोंधळ फ्रेया आणि फ्रिग यांच्यात. एकीचं वर्णन दुसरीच्या नावावर गेलेलं मी कितीदा तरी वाचलं आहे. शंका आली की नवरा कोण, घर कुठलं आणि मुलं कोणती, एवढंच तपासा. फ्रिगचा नवरा ओडिन, घर फेन्सालिर, मुलगा बाल्डर. फ्रेयाचा नवरा ओद, घर फोल्कवांग, मुली ह्नोस आणि गेर्सेमी. ओद दूरदेशी भटकत राहतो, ती त्याच्यासाठी रडते आणि तिचे अश्रू लालसर सोन्याचे होतात. इंग्रजीतला 'फ्रायडे' फ्रिगच्या नावावरून आला, फ्रेयाच्या नाही. रोमन लोकांच्या व्हीनसच्या, म्हणजे शुक्राच्या, वाराचं ते भाषांतर, आणि आपला शुक्रवारही त्याच ग्रहाचा.

फ्रेयाला 'नॉर्स रती' म्हणणं मला खटकतं. मांजरांच्या रथातून फिरणारी ही देवी रणात पडलेल्यांपैकी अर्धे योद्धे स्वतःकडे नेते, उरलेले ओडिनचे. 'सेद' नावाची जादूविद्या एसिर देवांना, म्हणजे ओडिन-थोरच्या कुळाला, तिनेच शिकवली. मराठी वाचकाला ओळखीचं वाटावं म्हणून आपल्या देवाचं नाव चिकटवलं, की तिचं असं सगळं वेगळेपण पुसलं जातं.

काळाची गल्लतही जपून टाळा. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ९८ च्या सुमारास नेर्थुस या भूमातेबद्दल लिहितो. झाकलेला रथ, त्याला जुंपलेल्या गायी, ती गावात असेपर्यंत शस्त्रं बंद. नेर्थुस आणि न्योर्ड ही नावं एकाच मुळाची, पण एक देवी, दुसरा देव, आणि मध्ये हजारेक वर्षांचं अंतर. म्हणून 'न्योर्डची बायको नेर्थुस' असं ठामपणे लिहू नका.

फोटोखालच्या ओळींचंही तसंच. स्वीडनमधल्या रेलिंगे इथे १९०४ साली एक कांस्यमूर्ती सापडली. जेमतेम सात सेंटिमीटरची, मांडी घालून बसलेली, डोक्यावर टोकदार टोपी, एका हातात स्वतःची दाढी. 'फ्रेयरची मूर्ती' म्हणून ती सगळीकडे छापली जाते, पण तिच्यावर नाव कोरलेलं नाही. 'फ्रेयरची मानली जाते' एवढंच लिहा.

शेवटची चूक, म्हणजे लावलेला अर्थच कथा म्हणून सांगणं, मला सर्वांत जास्त लागते. 'स्किर्निसमाल' या जुन्या कवितेतली गोष्ट अशी: फ्रेयरला गेर्ड या राक्षसकन्येचे उजळ हात दुरून दिसतात आणि तो झुरू लागतो. आपली तलवार तो सेवक स्किर्निरला देऊन टाकतो आणि मागणी घालायला पाठवतो. गेर्ड सोन्याची सफरचंदं नाकारते, अंगठी नाकारते आणि शेवटी भयंकर शापांच्या धाकाने तयार होते. पुढे जगाच्या अंती सुर्तर या अग्निराक्षसासमोर फ्रेयर उभा राहतो तेव्हा ती तलवार त्याच्याजवळ नसते. 'गेर्ड म्हणजे गोठलेली जमीन, फ्रेयर म्हणजे सूर्य' हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं गेलेलं स्पष्टीकरण. कवितेत ते कुठेही नाही. आधी कथा सांगा, धाकासकट सांगा, आणि अर्थ लावलात तर तो कुणीतरी लावलेला आहे हे वाचकाला कळू द्या. कवितेच्या शेवटी भेटीला अजून नऊ रात्री आहेत, आणि फ्रेयर म्हणतो, एक रात्र मोठी, दोन त्याहून मोठ्या, तिसरी कशी काढू?