घड्याळातली पावलं : या चुका टाळा

मनगटावरचं घड्याळ तुमचे पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं. आतला एक्सेलरोमीटर हालचाल टिपतो आणि ठरावीक लयीत झोके आले की ती पावलं धरतो. हे माहीत नसलेले लोक दुकानाबाहेरच चार पावलं टाकतात आणि आकडा हलला नाही म्हणून घड्याळ परत करायला निघतात. अहो, बरीच घड्याळं सलग दहाएक पावलं पडल्याशिवाय मोजायलाच लागत नाहीत. जरा चाला तरी!

बसल्या जागी पावलं वाढणं, हा माझा नेहमीचा डोकेदुखीचा विषय. आमच्या साताऱ्यातल्या चालणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज रात्री स्क्रीनशॉट टाकायची टूम निघाली होती. (मला ती पहिल्यापासून पसंत नव्हती, ते असो.) त्यात गुडघ्यांनी बेजार झालेले एक काका. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परतायचं, एवढंच त्यांचं चालणं. पण एकादशीला हमखास पहिला नंबर! तरणी पोरं कुरकुरायला लागली. काका लबाडी करणाऱ्यातले नव्हेत, म्हणून एका एकादशीला मी त्यांच्याशेजारी भजनाला बसलो. अभंग संथ चालला होता तोवर आकडा गप्प होता. गजर चढला, टाळ घुमायला लागले, आणि मांडी घालून बसलेले काका घड्याळात झपझप चालायला लागले. माणूस बऱ्यापैकी वेगानं चालला की मिनिटाला 100 ते 120 पावलं पडतात. गजराचा ठेकाही तिथंच येतो, मग घड्याळानं तरी काय करावं? वर काकांनी सेटिंगमध्ये डावा हात ठेवून ते उजव्या मनगटावर बांधलेलं.

भजनाला बसताना घड्याळ खिशात टाका. आमच्याकडे भाकरी थापतानाही ते किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवलेलं असतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीनं थोडी पावलं वाढतात, ती मी मनातल्या मनात वजा करतो.

उलट्या चुकीत खरी मेहनत बुडते. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या, नातवाची बाबागाडी, सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना आधाराला धरलेला हात : झोका नाही, तर पावलंही नाहीत. अशा वेळी फोन पँटच्या खिशात ठेवा आणि त्याचा आकडा धरा. पण फोन आणि घड्याळाची बेरीज करून सांगणारे महाभागही मी पाहिलेत. अगदी हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचीही पावलं सुटतात, तेव्हा घरच्यांनी त्यांना आकड्यावरून टोचू नये.

अंतराचा घोळ वेगळाच. जीपीएस बंद असेल तर घड्याळ पावलांना पावलाच्या लांबीनं गुणतं, आणि ती लांबी तुमच्या उंचीवरून अंदाजानं धरलेली असते. सपाटीला ते जमूनही जातं. यवतेश्वरच्या घाटात मात्र पाऊल आखडतं आणि घड्याळ जुन्याच मापानं गुणत राहतं. मग पठ्ठ्या वर पोचून भलतेच किलोमीटर सांगतो. घाटात जीपीएस लावा. सपाटीसाठी माझी पद्धत जुनी आहे : रस्त्यावरचे किलोमीटरचे दोन लागोपाठचे दगड गाठायचे, मधली पावलं तोंडानं मोजायची. 1,400 भरली तर पाऊल साधारण 71 सेंटीमीटरचं. तो आकडा हातानं भरायचा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण ‘ऑटो’ दाबून मोकळं होणाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा बरं.

पट्टा सैल नको. शेजाऱ्याच्या घड्याळाशी ताळा नको, प्रत्येक कंपनीचा हिशोब निराळा. आपल्याच कालच्या आकड्याशी तुलना करा.

आणि रात्री अकराला पलंगावर बसून, हात झुलवून 10,000 पुरे करणाऱ्यांनो, तो आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेला नाही. 1965 साली जपानमध्ये यामासा कंपनीनं पाऊलमापक विकायला काढला, त्याच्या नावातच दहा हजार होते. मी माझं लक्ष्य 7,000 वर आणून ठेवलंय. साताऱ्याचा पाऊस लागला की तेही खाली आणतो.