डॅशहंडचं पिल्लू आणताय? या चुका टाळा

पिल्लू घरी यायच्या आधी सोफ्याची उंची मोजा. साधारण 45 सेंटिमीटर भरेल. दोन महिन्यांच्या डॅशहंडची खांद्यापर्यंतची उंची वीतभरही नसते. तरीही ते सोफ्यावर चढायला शिकेल आणि दिवसातून कितीतरी वेळा तिथून खाली उडी मारेल. या जातीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ या उडीतच आहे.

डॅशहंड ही जर्मनीत बिज्जूच्या (बॅजर, बिळात राहणारा एक प्राणी) बिळात शिरून शिकार करण्यासाठी पैदा केलेली जात. आखूड पाय आणि लांब अंग त्यासाठीच. पण पाय आखूड करणाऱ्या आनुवंशिक बदलांसोबत पाठीचा धोकाही येतो. मणक्यांमधल्या चकत्या मऊ आणि लवचीक राहायला हव्यात, त्या या कुत्र्यांत पहिल्या वर्षापासूनच कडक होऊ लागतात. पुढे एखादी चकती फुटते किंवा सरकते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. साधारण पाचातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेक वेळा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान. आनुवंशिकता आपल्या हातात नाही. उड्या, वजन आणि उचलण्याची पद्धत मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

रॅम्प आणला, पण पिल्लू वापरत नाही

उडी टाळायला सोफ्याला लावलेल्या रॅम्पचा, म्हणजे उताराच्या फळीचा, चढ बहुतेक वेळा जास्त असतो. 45 सेंटिमीटरच्या सोफ्याला किमान 130 ते 150 सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. 60 सेंटिमीटरच्या पलंगाला 180. बाजारात मिळणारे छोटे, घडीचे रॅम्प दिसायला छान असतात, पण इतके उभे असतात की पिल्लू मध्यावरूनच उडी टाकतं. दुसरं कारण म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. प्लायवुडवर जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट घट्ट चिकटवा. रुंदी 30 ते 40 सेंटिमीटर ठेवा. पाय ठेवल्यावर फळी जराही हलता कामा नये, कारण एकदा घाबरलेलं पिल्लू पुन्हा तिकडे फिरकत नाही.

सवय लावताना फळी आधी जमिनीवर सपाट ठेवा आणि खाऊ दाखवत तिच्यावरून चालवा. दोन दिवसांनी एका टोकाखाली दोन जाड पुस्तकं सरकवा, मग हळूहळू उंची वाढवा. रॅम्प सोडून सोफ्याची बाकीची कड उशा लावून बंद करा, नाहीतर ते बाजूने उडी मारणारच. आणि हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा. आजोबा सोफ्यावर घेतात आणि बाकीचे ओरडतात, अशा घरात पिल्लाला काहीच कळत नाही.

काखेत हात घालून उचलणं

लहान मुलाला उचलतो तसं पुढच्या पायांखाली धरून उचललं की मागचं सगळं अंग लोंबकळतं आणि वजन पाठीवर येतं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या आणि पार्श्वभागाच्या खाली, पाठ जमिनीला समांतर. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात काढू नका. शेवटच्या वीतभर उंचीवरून पिल्लू स्वतःच झेप घेतं. घरातल्या मुलांना आधी खाली बसून पिल्लाला मांडीवर घ्यायला शिकवा.

फिरायला नेताना गळ्यात पट्टा असला तरी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावा. हे कुत्रं वासाच्या मागे जीव तोडून ओढतं, आणि तो झटका मानेच्या मणक्यांना बसतो. जिने उचलूनच चढवा-उतरवा.

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. जिथे ते धावतं तिथे चटया टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी नखं कापा. चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत.

दूध-पोळी आणि गोंडस पोट

गुबगुबीत डॅशहंड बघायला गोड वाटतो, पण जास्तीचा प्रत्येक पाव किलो त्याच्या पाठीला भारी पडतो. पिल्लांसाठीचं तयार खाद्य तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. प्रमाण पाकिटावरच्या तक्त्यानुसार मोजून घ्या. बक्षिसाचा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत. अंग बारीक आणि पोट तेवढं फुगलेलं दिसत असेल तर बहुधा जंत आहेत.

दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. हाडं बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमचं सिरप स्वतःच्या मनाने सुरू करू नका, पिल्लांच्या खाद्यात ते योग्य प्रमाणात असतंच. कांदा-लसूण घातलेली आमटी, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको.

शी-शूची सवय लागतच नाही

ही जात या बाबतीत हट्टी आहे. सहा महिने लागले तरी घाबरू नका. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत आणि खेळ संपल्यावर, असं प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी न्या. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. जागेवर केलं की त्याच क्षणी खाऊ द्या. घरात आल्यावर दिला तर बक्षीस कशाचं, हे त्याला समजत नाही.

पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात होत असेल तर तिथला वास गेलेला नाही. फिनाईलने आपल्याला वास येईनासा होतो, पिल्लाला येतोच. शिवाय फिनाईल पायाला लागून चाटण्यात जातं आणि ते विषारी आहे. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. नाक घासणं, मारणं याने ते फक्त लपून करायला शिकतं.

पावसाळ्यात शिकलेलं पिल्लूसुद्धा बिघडतं. ओलं गवत थेट त्याच्या पोटाला लागतं, म्हणून ते बाहेर जायला तयार नसतं. छपराखालची एक कोरडी जागा ठरवा. परत आल्यावर पोट, काखा आणि बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करा. लोंबत्या कानांच्या आत बघा, गोचीड तिथेच लपते.

लसीकरणाआधी सोसायटीच्या आवारात सोडणं

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास. त्यानंतर दोन आठवडे जाईपर्यंत जमिनीवर सोडू नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. पण घरात कोंडूनही ठेवू नका. माणसं, रिक्षा, कुकरची शिटी, मिक्सर यांची ओळख व्हायचं वय चौदा आठवड्यांपर्यंतचंच असतं. कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. हे राहून गेलं तर पुढे प्रत्येक बेलला भुंकणारा कुत्रा तयार होतो.

पाठ दुखली की तेल चोळणं

पाठीची कमान, उचलताना ओरडणं, मान खाली घालून थरथरणं, उडी मारायला अचानक नकार ही सुरुवातीची लक्षणं. मालिश करू नका. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती घातक ठरू शकतात. त्याला आधार देऊन उभं करा आणि मागचा पंजा हलकेच उलटा टेकवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. पंजा तसाच राहिला, पाय लडखडले किंवा ओढले जाऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर. पायातली वेदनेची जाणीवही गेली असेल तर शस्त्रक्रियेसाठी तास मोजावे लागतात. नेताना फळीवर किंवा मोठ्या ट्रेवर आडवं ठेवून न्या.

सौम्य त्रासात चार ते सहा आठवडे क्रेटमध्ये (कुत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात) सक्तीची विश्रांती सांगतात. औषधाने चौथ्या दिवशी बरं वाटतं, मालक मोकळं सोडतात आणि चकती पुन्हा सरकते. क्रेटची सवय नसलेला कुत्रा त्यात रडतो, म्हणूनही सोडलं जातं. ती सवय आता, पिल्लूपणीच लावा. दार उघडं ठेवून जेवण आत द्या, मग दार पाच मिनिटं बंद, मग अर्धा तास. तुमच्या शहरात मणक्याची शस्त्रक्रिया कोण करतं आणि रात्री कोणाकडे जाता येतं, हे पहिल्या लसीच्या वेळीच डॉक्टरांना विचारून नंबर लिहून घ्या.