केस गळतायत? तेलाची बाटली घेण्याआधी हे पाहा

नाशकात केस गळायला लागले की पहिला आळ बोअरच्या पाण्यावर. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण मुळापासून गळण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं. ते कळेपर्यंत मेन रोडवरून आणलेली बाटली, कितीही महागाची असो, अंदाजपंचेच.

१. गळालेला केस बोटावर घ्या. एका टोकाला बारीक पांढरी घुंडी दिसली तर तो मुळातून आला. दोन्ही टोकं सारखीच असतील तर मधे तुटला. मग स्ट्रेटनिंग, ओले केस विंचरणं आणि पाणी यांच्याकडे बघा. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. दोन दिवसांनी न्हायलं की ते एकदम जाळीत दिसतात आणि जीव घाबरतो.

२. मागचे दोन-तीन महिने आठवा. पावसाळ्यात डेंग्यू झालेल्यांचे केस दिवाळीच्या आसपास मूठभर यायला लागतात, आणि तोवर ताप विसरलेलाही असतो. टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, झटपट वजन उतरवणारं डाएट, सगळ्यांचं असंच. त्या धक्क्याने बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी सुटतात. हे गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप आवरतं. ‘कांद्याच्या रसाने थांबलं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं ते तसंही थांबणारच होतं!

३. जागा पाहा. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकणं किंवा टाळू उघडी पडणं, बायकांत भांग रुंदावणं, ही बहुतेक वेळा घराण्याची देणगी. ती आईकडूनही येते. रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई. लहान मुलाच्या डोक्यात खवले, खाज आणि तुटके केस दिसले तर गजकर्णाची शंका घ्या. चाई असो की गजकर्ण, घरी प्रयोग नकोत. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, टाळूचा फोटो काढून ठेवा.

४. रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. पाळीत जास्त रक्त जात असेल तर नक्कीच. बायोटिनची (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनची) गोळी चालू असल्यास लॅबमध्ये सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा.

५. मग उपाय. आनुवंशिक गळतीवर मिनॉक्सिडिल कोरड्या टाळूवर लावतात, केसांवर नव्हे. सुरुवातीच्या आठवड्यांत गळणं वाढू शकतं, आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की कमावलेलं हळूहळू जातं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना लावू नका. पुरुषांसाठी फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी आहे. काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ती डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी, मित्राच्या सांगण्यावरून नाही. पीआरपीचे, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचण्याचे, परिणाम माणसागणिक वेगळे.

मुंडनाने केस दाट होत नाहीत. रामकुंडावर गोटा करून आलेल्यांना ते जाड वाटतात, कारण कापलेलं टोक बोथट असतं.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे लावतात. आजूबाजूचे जुने केस विरळ होतच राहतात, त्यामुळे औषध चालूच ठेवावं लागतं. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: चीर नेमकी कोण देणार, डॉक्टर की सहायक; आणि मागच्या भागात पुढच्या वेळेसाठी किती केस शिल्लक राहतील.