चिंताशामक गोळ्या आणि बदललेली नजर : निरीक्षण कसे करावे
डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या चिंताशामक गोळ्या मेंदूतील 'गाबा' या रसायनाचा शामक परिणाम वाढवतात; त्यामुळे मन शांत होते, तसेच डोळ्यांच्या हालचाली मंदावतात, जवळच्या अक्षरांवर नजर स्थिरावण्यास वेळ लागतो आणि कधी धूसर किंवा दुहेरी दिसते. गाबा दृष्टिपटलातही कार्य करत असल्याने काहींना फिकट छटांमधील, विशेषतः निळ्या-पिवळ्या रंगांमधील, सूक्ष्म फरक ओळखणे अवघड जाते.

असा बदल जाणवल्यास गोळी घेतल्याची वेळ, मात्रा आणि लक्षण किती वेळ टिकले, याची नोंद ठेवावी. दुहेरी दिसत असेल तर एक डोळा झाकून पाहावे, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकला तरी दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडलेला असतो आणि या गोळ्यांमुळे तसे होऊ शकते. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील, तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असते. रंगांची तुलना रोज त्याच वस्तूंवर, त्याच दिवसाच्या उजेडात करावी, कारण दिव्याचा प्रकाश फसवतो.

नजर स्पष्ट होईपर्यंत वाहन चालवू नये. मद्य तर पूर्ण टाळावे, कारण त्याने गुंगी वाढून श्वसनही मंदावू शकते. गोळी मात्र स्वतःहून अचानक बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवल्यास झटके (फिट) येऊ शकतात. डोळा लाल होऊन तीव्र दुखत असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा अचानक दुहेरी दिसू लागले असेल, तर त्वरित रुग्णालय गाठावे.